रिकाम्या स्टुलाला वाचून दाखवलेला अर्ज

अर्ज लिहून झाला की कमलमावशी तो तक्रारदाराच्या हाती देत नसत. आधी समोरच्या रिकाम्या स्टुलाला मोठ्याने वाचून दाखवत. डोळ्यांमुळे गेल्या वर्षी त्यांनी काम थांबवले. तोवर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या आडोशाला त्यांचे टेबल असे. त्यावर एक जुना संगणक, समोर दोन स्टुले. एकावर तक्रारदार बसे. दुसरे, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचे. त्यावर त्या कोणालाही टेकू देत नसत. "तो इथंच बसलाय समज," त्या म्हणत, "आणि त्याच्या तोंडावर बोलता येईल तेवढंच सांग."

अर्ज हिंदीत निघत, त्यावरची घासाघीस मराठीत चाले. भांडणांची मावशींची स्वतःची प्रतवारी होती: कुरबुर, बोलाचाली, तंटा, वाद आणि वैर. "वैर असेल तर पुढच्या टेबलावर जा," हे त्या आधीच सांगून टाकत. एकदा एक गृहस्थ शेजाऱ्याने नळाचे पाणी अडवले म्हणून 'अत्याचार' या शब्दावर अडून बसले. मावशी म्हणाल्या, "भाऊ, एवढा मोठा शब्द नळावर खर्च केलात, तर उद्या खरंच काही घडलं की कुठला आणाल?" गृहस्थ हसले आणि 'पाणी अडवले' एवढ्यावर राजी झाले.

मी गेले तेव्हा वनस्पतिरोगशास्त्राची पदवी ताजी होती आणि अर्जाचा मसुदा तयार होता. बहादरपुरात आमची आणि काकांची केळीची बाग एकाच बांधाला लागून आहे. काकांच्या झाडांवर हरण्या रोगाचे पिवळे पट्टे दिसत होते, आता आमच्याही झाडांवर आले होते. रोगट झाडे कंदासकट उपटली नाहीत, तर मावा किडीमार्फत हा रोग उरलेल्या झाडांवर जाणार, हे उघड होते. काका उपटायला तयार नव्हते आणि बाबांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. बाग आणि भाऊ, दोन्ही एकदम बाबांच्या हातचे जाणार होते.

मावशींनी स्टुलाकडे पाहत वाचायला घेतले: "काकांनी जाणूनबुजून रोग पसरवला..." तिथेच थांबल्या.

"जाणूनबुजून? त्याच्या मनात तू कधी जाऊन आलीस, माय?"

"ते उघडच आहे."

"बरं. रोग त्याच्याकडूनच आला, याचा सबूत?"

"त्यांच्याकडे आधी दिसला."

"आधी दिसला, की आधी आला?"

दोन्ही घरांनी रोपे एकाच खेपेतून आणली होती. हे मला ठाऊक होते, आणि नेमके तेच मी मसुद्यात घातले नव्हते. सहाध्याय्यांच्या प्रबंधांत असली लबाडी मी पहिल्या वाचनात पकडली असती.

मावशी एकेक शब्द काढत गेल्या. शेवटी तीन वाक्ये उरली: रोगट झाडे दोन्ही बागांत आहेत, रोपे एकाच खेपेची होती, दोन्हीकडची झाडे एकाच वेळी उपटली, तरच उपयोग आहे.

"आता यात साहेब काय करणार?" कागद माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "जा, काकाला दे."

काकांनी तो उभ्याउभ्याच दोनदा वाचला. "माझी चूक कुठं लिहिली यात?"

"मला सापडली नाही, काका."

दुसऱ्या सकाळी ते कुदळ घेऊन बांधावर उभे होते. "दादा, आधी कोनाची उपटायची?"

बाबांनीही कुदळ उचलली. मग म्हणाले, "बांधापासून लागू. एक तुझं, एक माझं."

घड धरल्यावर मी मावशींकडे धावतच गेले. "मावशी, बाग वाचली!"

"सगळी?"

"नाही. दोन ओळी गेल्या."

"मग तसं सांग ना. आणि भाऊ?"

"भाऊ सगळाच्या सगळा वाचला."

या वाक्यातला एकही शब्द मावशींनी काढला नाही.