प्रिंटरवर कोयता

मंडळी, शर्टाची कॉलर फाटलीय, तशाच अवतारात ही मेल लिहितोय.

शेवगावजवळच्या साखर कारखान्यात आज वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर मी नवं विंडोज टाकलं. ते पासवर्ड सांकेतिक करून पाठवायचं, पण ज्याच्यामार्फत पावत्या छापतात त्या लिनक्सच्या सर्व्हरला तो साधाच हवा होता. त्यामुळं पावत्या छापेनात, आणि पावतीशिवाय उसाची गाडी सोडत नाहीत.

दुपारी एका गाडीवानानं माझी गचांडी धरली. "बैलं सकाळधरनं उपाशी हायेत. छापतो का हानू?"

मी सर्व्हरची सेटिंग बदलली. पासवर्ड चालला! मी "झालं!" म्हणेपर्यंत त्याचा कोयता प्रिंटरमध्ये घुसला होता.

मग काट्यावरच्या क्लार्कनं खिशातलं पेन काढलं आणि हातानं पावत्या लिहून गाड्या सोडल्या.

हे सकाळीच आमच्यातल्या एकालाही का सुचलं नाही, सांगा बरं?