विम्याच्या हप्त्याचा मुहूर्त

सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरायला फ्रीगंजच्या बँकेत जाणं केव्हाच सुटलं. मी घरूनच मोबाईलवर भरते. दिवस मात्र आई ठरवते. आजारपणाचे पैसे सणावारी भरायचे नाहीत, हा तिचा नियम. यंदा पाडवा, रामनवमी करत करत शेवटची तारीख आली, ती नेमकी अक्षय्य तृतीयेला.

"आज केलेलं कधी सरत नाही गं," आई म्हणाली.

"आणि आज पैसे नाही भरले तर विमाच बंद होईल!" मी उखडले.

ती देवाकडे तोंड करून बसली. ओटीपी आला, पैसे गेले.

"भरले," मी सांगितलं.

शिळी पोळीसुद्धा टाकू न देणाऱ्या आईने हात जोडले. "देवा, हिचे एवढे पैसे वाया जाऊ देत."