आक्काच्या सायकलचं मागचं चाक

भास्करचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात रॉकेल आणि काळ्या ग्रीसने माखलेले होते. बायकोने फोन माझ्या कानाला लावून धरला. "मामा, आई गेली," एवढंच तो बोलला... सकाळी शेवंती खुडताना चक्कर आली म्हणून आक्का वाफ्याच्या कडेला बसली, ती उठलीच नाही. आजारपण नाही, कसली कुरबूर नाही. आणि माझ्यासमोर व्हाइसच्या लोखंडी पकडीत तिच्याच सायकलचं मागचं चाक आवळलेलं, कित्येक दिवस माझा जीव खाणारं. खरं सांगायचं तर आधी रडू नाही, रागच आला. चाकाचा की तिचा, ते अजून ठरवता आलेलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. मखमलाबादच्या मळ्यात तिने हयातभर फुलं पिकवली. पुढे घरचा टेम्पो आला, भास्कर पहाटे सगळा माल त्यात भरून आम्ही गंगा म्हणतो त्या नदीकाठच्या फुलबाजारात नेऊ लागला, तरी ही आपली निशिगंधाच्या जुड्या सायकलच्या कॅरियरला बांधून मागून यायचीच. टेम्पोत बसलं की पोराच्या वेळेनं यावं-जावं लागतं, सायकल असली की माझी मी, असं तिचं म्हणणं. त्यावर घरात कोणाचं काही चालत नसे.

दिवाळीनंतर त्या सायकलच्या मागच्या चाकाचे आरे तुटले, तेही नेमके साखळीच्या बाजूचे. तिकडचे आरे बदलायचे तर चाकाच्या मधल्या हबवर बसलेलं दात्यांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, आधी काढावं लागतं. ते आट्यांवर बसतं आणि पायडल मारू तसं आणखी आवळत जातं. आक्काने ते किती वर्षं आवळलं होतं, तीच जाणे. हब झिजलेला, पाना धरायच्या खाचा गुळगुळीत. दुकानदाराने नवीन चाक घ्यायला सांगितलं, तर ही ते चाक रिक्षात घालून थेट माझ्याकडे सातपूरला. मी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. भावाचा हात लागला की निघेल, अशी तिची खात्री. तेव्हा मलाही तेच वाटलं होतं.

निघालं नाही. रॉकेलमध्ये भिजवलं, तापवलं, ठोकलं. पाना दर वेळी निसटायचा. शेवटी फ्रीव्हीलच खोललं, तर बेअरिंगचे छर्रे अंगणभर पसरले आणि आतला गाभा तेवढा हबला चिकटून राहिला. तो व्हाइसमध्ये धरायचा आणि चाकच उलटं फिरवायचं, एवढा एक उपाय उरला. तोही हलेना. रोज संध्याकाळी आक्काचा फोन, झालं का म्हणून. मी नाही म्हणायचो. ती म्हणायची, बरं, उद्या बघ. ते 'उद्या बघ' ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

मग एका दुपारी ती स्वतःच आली, पदर खोचून चाकाच्या एका बाजूला उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मी. दोघांनी सगळा जोर लावला. गाभा व्हाइसमधून सटकला आणि माझ्या बोटांची सालटी निघाली. मी चिडलो. आता हे भंगारात टाक, म्हणालो. तिने माझी बोटं हातात घेऊन पाहिली, सोडून दिली.

"बाळू, तुला जमत नाय, असं म्हण. चाकाला नावं ठेवू नको."

चहाला न थांबता ती गेली. तीच शेवटची भेट.

तेरावा झाल्यावर तिची सून सविता काही भांडी परत द्यायला आमच्याकडे आली होती. चाक तसंच व्हाइसमध्ये. तिने सहज विचारलं, मामा, मी धरू का? आम्ही दोघांनी रेटलं. पहिल्याच रेट्याला कट् असा बारीक आवाज झाला आणि चाक फिरलं... इतकं सरळ, की सविता पडता पडता राहिली. तिला हसू आलं. मी मात्र पायरीवर बसलो. इतकं सोपं होतं तर तेव्हा का नाही? कोणाला विचारणार? संध्याकाळ झाली, आणि झालं का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं.

नवे आरे घातले, नवं फ्रीव्हील बसवलं, चाक मळ्यात नेऊन सायकलला लावलं. भास्कर म्हणाला, मामा, आता ही चालवणार कोण? सविताची स्कूटर आहे, त्याचा टेम्पो. शेवटी मीच घरी आणली.

आता सकाळी भाजीला तीच घेऊन जातो. आक्का बुटकी, तिची सीट अगदी खाली. माझे गुडघे प्रत्येक पायडलला हँडलवर आपटतात, चढाला पाय भरून येतात, गल्लीतले लोक हसतात. बायको रोज म्हणते, अहो, सीट वर करा की. सीटचा नट मी पाहिलाय. त्याला पानासुद्धा लागत नाही, बोटांनी फिरतो.

मी तो हात न लावता तसाच ठेवलाय.