इंजिनाचा हार

खंडेनवमीला मी ताईच्या मळ्यात होतो. दाजींनी नांगर-कोयते पुजले आणि विहिरीवर नव्यानंच बसवलेल्या सोलर पंपाच्या प्लेटांवर झेंडूचा भलाथोरला हार आडवा घातला. जरा वेळानं पाटातलं पाणी बारीक झालं.

"अहो, उन्हाच्या वाटेतच हार घातलात," ताई हसत म्हणाली. "काढा तो."

हार निघाला आणि पाणी पुन्हा भरून वाहू लागलं. आवाज फक्त पाण्याचा. पूर्वी इथं डिझेल इंजिनाच्या धडधडीत ओरडून बोलावं लागे आणि जेवणालाही धुराचा वास येई. जगभर म्हणे असंच चाललंय. कोळसा, तेल मागे सरतंय. ऊन-वारा कामाला लागलाय. एवढी मोठी गोष्ट, पण या बांधावर ती किती सहज येऊन बसली होती.

पूजेचा हार टाकवेना म्हणून दाजी तसेच उभे होते. मग ते कोपऱ्यातल्या गंजक्या इंजिनाकडे गेले आणि त्यांनी तो त्याच्या चाकावर चढवला.

"इतकी वर्षं यानंच पाणी पाजलं," ते स्वतःशीच पुटपुटले.

मी विहिरीच्या पलीकडे होतो. तरीही ते मला स्पष्ट ऐकू आलं.