नळीवाल्याचं नाक

आमच्या अजमानच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नळीवाल्याइतका तापदायक शेजारी अख्ख्या गल्फमध्ये सापडायचा नाही. लोक शेजाऱ्याकडे साखर मागतात, हा नाक मागतो. दार उघडलं की सलामाच्या आधी माझ्या तोंडासमोर बांगडा. "काका, बघा जरा, ताजा आहे काय?" बांगडा झाला की दुधाची बाटली, मग परवाची बिर्याणी. एकदा लग्नाला निघाला होता, तर लिफ्टमध्ये हात वर करून काख पुढे केली. "चालेल ना काका? खरं सांगा." मी म्हटलं, "मेल्या, बायकोला विचार की." तर म्हणे, "ती रत्नागिरीला. आणि इथे असती तरी खोटंच बोलली असती." लिफ्टमधली फिलिपिनो बाई मधल्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेली.

नळीवाला हे नाव त्याला बिल्डिंगीने ठेवलं. दुबईच्या एका दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडातून पोटात कॅमेऱ्याची नळी घालतो, तेव्हा हा उशाशी उभा राहून जबडा धरतो, लाळ ओढून घेतो, मागाहून नळी धुतो. त्यामुळे समोरचा जेवायला बसला की याची नजर ताटावर नाही, घशावर. लिफ्टचं बटण अजून कोपराने दाबतो. माझा नातू तर त्याला बघून तोंडच मिटतो. "दादू, ही विल पुट द पाइप."

वास त्याला येत नाही. रोज सकाळी कॉफी, लवंग, लिंबू समोर मांडून डोळे मिटून हुंगत बसतो. डॉक्टरने सांगितलंय, कधीतरी येईल, इन्शाल्ला. मध्येच वर येऊन सांगतो, "आज लवंगेने काहीतरी केलं, काका." मी विचारतो, काय केलं? "ते कळलं नाही. पण केलं."

हे हसून लिहितोय खरा, पण त्याच्यासमोर माझी मान वर होत नाही. कोरोनाच्या दिवसांत माझ्या बायकोला रक्ताची उलटी झाली. याच्याच दवाखान्यात नेली. टेस्टच्या रिपोर्टला वेळ होता आणि रक्त थांबेना, म्हणून नळी घालायला तशीच आत घेतली. आत सगळे पांढऱ्या झग्यात, मास्क लावलेले, तोंडावर काच. भूतं बघावीत तशी ती हातपाय झाडायला लागली. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि मास्कमधून याचं मराठी तिला कळेना. शेवटी याने काच वर केली, मास्क खाली ओढला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "काकी, मी रत्नागिरीचा. घाबरायचं नाही." ती शांत झाली. पण मास्क परत वर जायच्या आत तिला खोकल्याची उबळ आली, ती सरळ त्याच्या तोंडावर. संध्याकाळी तिचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. मागोमाग तोही आजारी पडला.

दोघं बरी झाली. पुढे हा आमच्याच बिल्डिंगीत राहायला आला, तिने आवाजावरून ओळखला. मग दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला. कालवण वाढलं की म्हणायचा, "काय वास सुटलाय, काकी." ती खूश. गेल्या वर्षी ती गेली, तोवर म्हणत राहिला. ती गेल्यानंतर पहिल्यांदा मासा घेऊन वर आला. "काका, तुम्हीच हुंगा. मला वास येत नाही." कधीपासून, म्हटलं. "जुनं आहे ते, सोडा." न शिकलेला असलो तरी एवढं मला कळलं.

गेल्या शुक्रवारी धीर करून म्हटलं, "बाबा रे, आमच्यामुळे तुझं नाक गेलं. माफ कर."

"काच मी वर केली. काकीने नाही," तो म्हणाला. "माफी राहू दे. त्यांच्या कालवणाचा वास कसा होता तेवढं सांगा. मला कधी आलाच नाही."

मी सांगायला लागलो. तिरफळ, म्हटलं. ओलं खोबरं. कोकम. पुढे काही येईना. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो, आणि तो वास मलाही आता आठवत नव्हता. तो डोळे मिटून थांबला होता. मी खाली मान घालून नुसती नावं घेत राहिलो.