मास्तरांच्या टेपमधली शांतता

"ह्यात ते कुठं हायत?" काकूंनी हेडफोन काढून विचारलं.

"काकू, हे सगळं संगीत त्यांचंच आहे."

"संगीत न्हवं वो. ते सवता कुठं हायत?"

सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. जुन्या टेपवरचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि खरखर काढून द्यायचा, हे माझं काम. काकू म्हणजे कुंडलच्या रंगराव मास्तरांच्या पत्नी. मास्तरांची सिनेमातली गाणी आमच्याकडे लग्नाच्या बँडवर अजून वाजतात. पण काही सिनेमांना त्यांनी नुसतं पार्श्वसंगीत दिलं होतं, एकही गाणं नाही. ते सिनेमे कधी आले आणि कधी गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही. त्यातल्या एकाच्या रेकॉर्डिंगची स्पूल टेप काकूंनी जुन्या लुगड्यात गुंडाळून जपली होती. मागच्या हिवाळ्यात गावात मास्तरांच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला, तेव्हा ती माझ्याकडे आली.

टेपची अवस्था वाईट होती. ज्यात आवाज असतो तो तपकिरी थर बोटाला लागत होता. अशा टेपला मंद उष्णता देऊन वाळवतात. मग ती एकदा नीट वाजते, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. माझ्या मशीनचं टेप ओढणारं रबरी चाक झिजलं होतं, ते कुपवाडहून नवीन करून आणलं. एवढी काळजी घेतली आणि शेवटी माती खाल्ली.

आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. टेप आधी आहे तशी, खरखरीसकट उतरवायची. साफसफाई नंतर. मी वाजवतानाच नॉइज गेट लावलं. म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो आपोआप बंद होतो. कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि माझ्या कानांचा मला भारी गर्व. व्हायोलिन, बासरी, सगळं कसं धुतल्यासारखं आलं. मी स्वतःवरच खूश होतो.

"दोन तुकड्यांच्या मधी ते वाजवणाऱ्यांस्नी बोलायचे," काकू सांगू लागल्या. "'गड्या, सावकाश. बैलगाडी हाय, मोटार न्हवं.' लांबनं, बारीक आवाजात. घरात टेप लावली की मी त्याचीच वाट बघायची. दुसरीकडं कुठं त्यांचं बोलणं ऱ्हायलेलं न्हाई."

माईक वादकांजवळ, मास्तर लांब. त्यांचं बोलणं जवळजवळ खरखरीइतकंच बारीक असणार. गेटनं तेही बंद केलं. मी धावत टेप पुन्हा लावली. थर सुटून मशीनच्या हेडला चिकटला होता. नुसती फस्सफस्स ऐकू आली.

"काकू, चूक माझी आहे. ती आता भरून निघणार नाही."

त्यांनी हातातला हेडफोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी लय स्वच्छ केलंसा." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मधल्या मोकळ्या जागा कापतो. सलग ऐकायला बरं वाटेल."

"ऱ्हाऊ द्या. ते कुठं बोलायचे, तेवढं तरी कळंल."

कुंडलच्या कार्यक्रमात ते रेकॉर्डिंग मोकळ्या जागांसकट तसंच लावलं. पहिला तुकडा संपला आणि सगळं शांत झालं. लोक चुळबुळ करायला लागले.

"सिस्टीम गेली का काय रं?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी मिक्सरकडं बघत बसलो. नजर उचलली तर पहिल्या रांगेत काकू दिसल्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. त्यांचे ओठ थांबले आणि पुढचा तुकडा सुरू झाला.

नंतर लोक येऊन हात मिळवत होते. आवाज एकदम क्लिअर, म्हणाले. कुठं तोंड लपवावं कळेना.

आता कुणी टेप आणली की नॉइज गेटला हात लावत नाही. आधी माणसाला बसवतो आणि विचारतो, यात तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय? मगच मशीन चालू करतो.