कळंबच्या पुलापर्यंत सून

माझ्या प्रवासाचा पहिला टप्पा एका जागी उभं राहून पार पडला. अवसरी बुद्रुकच्या थांब्यावर मी सव्वासातपासून साडेआठपर्यंत उभी होते आणि मंचरची एसटी काही आली नाही. शेवटी दूध घालून सायकलवरून परत चाललेला एक जण म्हणाला, "ताई, संप हाय. रातच्यालाच रेडिओवर सांगितलं." आमच्या घरी रेडिओ बाजारभावापुरता लागतो, कांद्याचा भाव कळला की त्याचा कान पिळायचा. संपाची बातमी त्यानंतर आली असणार.

मला जायचं होतं निमगाव सावाला. मंचरला एक गाडी, नारायणगावला दुसरी, असं रोजचं. तिथल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षणसेविका होते, म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि अहवाल चांगला गेला तर कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष सरत आलं होतं. मुख्याध्यापकांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, विस्तार अधिकारी कधीही येतील. तुमचा अहवाल त्यांच्या हातात आहे. उशीर नको, आणि रजेचं तर नावच काढू नका." इकडे घरी लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं की कायम झाली तर नोकरी, नाहीतर घरची शेती. ठरवणारे मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण मामा माझ्याशी थेट बोलत नसत. "तिला म्हणावं, चहात साखर जास्त झाली," असं ते आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगत आणि मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी असे. माणूस वाईट नव्हता, पद्धत तशी होती. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, ते माझ्याकडे बघत नसत, आणि अशा रीतीनं आमचं झकास चाललं होतं.

त्या दिवशी मी डोळे पुसत घरी आले. नवरा भोसरीला कंपनीत, खोली करून राहणारा. संपात तोही तिकडंच अडकलेला. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गोठ्याच्या दिशेनं आवाज टाकला, "तुमची ती फटफटी काय पूजेला ठिवलीय का?"

मामा बाहेर आले. "सासऱ्याच्या मागं सून बसंल व्हय? लोकं काय म्हंतील?"

"लोकं तिचा पगार देत्यात व्हय?" आत्या म्हणाल्या. झालं. त्यांच्यापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

आत्यांनीच तोडगा काढला. एका घोंगडीची जाडजूड घडी करून त्यांनी सीटवर मधोमध ठेवली. पुढं मामा, मधे घोंगडी, मागं एका अंगानं मी, मागच्या कडीला घट्ट धरून. पारावरची चार डोकी आमच्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरली. मामा सरळ बघत होते, मी माझ्या चपलेकडे.

रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा, पण एसटीच्या खिडकीतून तो कधी असा दिसला नव्हता. थंडीचे दिवस होते. मंचरपर्यंत कांद्याच्या लागणी चाललेल्या, बायका वाफ्यात ओणव्या. उसाचं रान आलं की मामा हॉर्न दाबून धरत, कारण आमच्याकडं उसात बिबट्या असतो, आणि त्याला आपण आल्याचं आधी कळवलेलं बरं. कळंबचा पूल लागला की घोड नदीचा गारठा अंगाला झोंबे. नारायणगाव सोडलं की द्राक्षांचे मांडव, मग खोडदच्या दुर्बिणींच्या आभाळाकडं तोंड केलेल्या पांढऱ्या थाळ्या, आणि मग निमगाव सावा. आम्ही सव्वादहाला पोचलो. वाटेत एक शब्द झाला नव्हता.

परत जाऊन संध्याकाळी पुन्हा यायचं म्हणजे पेट्रोल दुप्पट, म्हणून मामा शाळेबाहेर लिंबाखाली बसून राहिले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "अहो बाई, वडिलांना बाहेर का बसवलं? आत बोलवा, चहा घेतील."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामाच उठून आले. "घेऊ की," म्हणाले आणि बसले. मला वाटलं, 'वडिलांना' हा शब्द त्यांना ऐकू आला नसेल.

माझे वडील मी दीड वर्षाची असताना गेले. थोरल्या बहिणी त्यांना दादा म्हणत. मला ती हाक मारायची संधीच मिळाली नाही, त्यामुळे 'वडिलांना आत बोलवा' हे वाक्य माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी म्हटलं नव्हतं. मी ते खोडून काढायला हवं होतं. नाही काढलं. एक तर सून सासऱ्याच्या मागं बसून येते म्हटल्यावर गावभर चर्चा, आणि दुसरं म्हणजे, खरंच सांगते, ऐकायला बरं वाटलं.

गोची झाली दुपारी. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईंनी मामांना ताट नेऊन द्यायला सांगितलं. मी सवयीनं पदर डोक्यावर ओढला आणि ताट घेऊन निघाले. हौसाबाई हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या. "आता गं बया. बापाम्होरं कुणी डोक्यावर पदर घेतं व्हय?" मी म्हटलं, "ऊन लागतंय." डिसेंबरातलं ऊन. मामांनी मान खाली घालून खिचडी संपवली.

येताना कळंबच्या पुलाजवळ मामांनी चहासाठी गाडी थांबवली. दोन कप सांगितले आणि एक माझ्या हातात जाईल असं बघून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला संकोच न होता चहा पिता यावा म्हणून. पाठीमागून बघितलं तेव्हा कळलं, त्यांच्या स्वेटरची उसवलेली बाही कुणीतरी भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवली होती. ते मीच शिवलं होतं. हिरवा दोरा संपला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुलावर गाडी हळू झाली. मामा समोर बघूनच म्हणाले, "पदर लई उडतोय. चाकात जाईल."

ते माझ्याशी थेट बोललेलं बहुतेक पहिलं वाक्य. मी पदर डोक्यावरून काढला, कमरेला खोचला. कान गार पडले. गाडीनं वेग घेतला आणि मला लक्षात आलं की मामांनी काल सगळं ऐकलं होतं. 'वडिलांना' हेसुद्धा.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला, न बोलता. जाताना पुलावर गाडी हळू झाली की पदर उतरायचा. येताना हळू झाली की पुन्हा डोक्यावर. कळंबच्या पुलापर्यंत मी सून आणि पलीकडे लेक. पलीकडे मी त्यांना मामा म्हणत नसे. दुसरं काय म्हणायचं ते सुचत नसे, म्हणून नुसतं "अहो, ऐकलं का" असं हवेत सोडून देई.

मामा काही स्वस्थ बसणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या परसबागेकडे बघून "हे काय वाफं हायेत का गटार," असं म्हटलं आणि कुदळ मागितली. चौथीची पोरं गोळा झाली. एका रोपापासून दुसऱ्या रोपापर्यंत किती बोटं सोडायची, पाणी कुठून वळवायचं, हे त्यांनी असं काही शिकवलं की मधल्या सुट्टीनंतर मला वर्ग भरवताना नाकी नऊ आले. संध्याकाळी गावातला एक म्हातारा गाडीला हात लावून म्हणाला, "पावणं, लेक गुणाची हाय तुमची." मामा किक मारता मारता थांबले. "हाय खरी," म्हणाले.

सहाव्या दिवशी नारायणगावच्या बाजारपेठेत मागचं चाक बसलं. पंक्चर काढणाऱ्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बघितली आणि म्हणाला, "राव, हिच्यात काय राह्यलं न्हाई. नवी आणाया लागंल. तास जाईल." दहा वाजायला आले होते. आणि आदल्या संध्याकाळीच मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, साहेब उद्या येतायत.

माझं सगळं अवसान गळालं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. कांद्याच्या वाफ्यात ओणवी झालेली मीच मला दिसायला लागले. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, सरळ बघितलं, आणि समोरच्या कापडदुकानात शिरले. दुकान राजस्थानी जैन शेठजींचं. बापजाद्यांपासून इथंच, मराठी आपल्याहून शुद्ध. त्यांची लुना पायरीशी उभी होती.

"शेठ, लुना द्या दिसभर. लेकीची नोकरी जाईल."

शेठजींनी चष्म्यावरून आधी त्यांना बघितलं, मग दारातल्या मला. "लेक? तुम्हाला तर एकच मुलगा. आणि हिच्या लग्नाच्या कापडांचा बस्ता मी स्वतः बांधलाय. मोरपंखी शालू."

मामा काउंटरवरच्या कापडाकडे बघत म्हणाले, "व्हय. लेक ह्या संपात झाली."

 शेठजींनी गल्ला उघडला, किल्ली काढली, पुढं सरकवली. "फक्त दिवस मावळायच्या आत आणा. आम्ही मावळल्यावर जेवत नाही, आणि माझं घर मळ्यात आहे. चालत पोचायचा नाही मी."

लुनावर घोंगडीला जागा कुठली. ती आम्ही पंक्चरवाल्याकडे ठेवली. सीट एवढीशी, रस्ता खड्ड्यांचा, आणि कडी नाही. पहिल्या खड्ड्याला मी त्यांच्या खांद्याला धरलं, आणि मग सोडलाच नाही. चढाला लुना धापा टाकायची तेव्हा मामा पेडल मारत. पासष्टीचा माणूस. मी उतरू का म्हटलं तर म्हणाले, "गप बस. तुझं वजन ते काय."

वीस मिनिटं उशीर झाला. साहेब माझ्याच वर्गात खुर्चीवर. "बाई, घड्याळ आहे का तुमच्याकडं?"

मी काही म्हणायच्या आत मामा चपला काढून उंबऱ्यात आले. कपाळावर घाम, धोतरावर ग्रीसचा डाग. "सायेब, चाक माझं बसलं. ह्या पोरीनं सबंध संपात एक दिस चुकवला न्हाई. काय वंगाळ लिवायचं ते माझ्या नावावर लिवा."

"तुमच्या नावावर लिहायला तुम्ही कुठं नोकरीला आहात?" साहेब म्हणाले. पोरं हसली. साहेबांनाही मग हसू आवरेना. त्यांनी मामांना बसायला सांगितलं आणि तासभर माझा वर्ग घेऊन बघितला. पोरांनी घडाघडा वाचलं. जाताना साहेबांनी परसबाग बघितली, तेव्हा एका पोरीनं त्यांना बोटं मोजून कांद्याची लागण समजावून सांगितली. "हे कुणी शिकवलं?" "बाईंच्या वडलांनी." साहेब मला म्हणाले, "अहवाल चांगला जाईल. काळजी करू नका. त्यांना घोटभर पाणी द्या आधी."

शाळा सुटल्यावर आम्ही लुना पिटाळली, पण नारायणगावात शिरलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. शेठजी पायरीवर बसले होते. मामांना अपराध्यासारखं झालं. "चुकलो शेठ. तुमचं जेवाण राह्यलं."

"मावळायच्या आधी पाणी प्यालो," शेठजी किल्ली घेत म्हणाले. "आज उपास घडला, एवढंच. तो तुमच्या लेकीच्या खात्यावर." लेकीच्या म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी वाकून नमस्कार केला. मला त्या बाजारपेठेत दुसऱ्यांदा रडू आलं, पण ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी घोंगडी आत्यांनी मधे ठेवली, तर मामांनी ती काढून माझ्या गुडघ्यांवर टाकली. "थंडी हाय," म्हणाले.

मधला रविवार सोडून आठव्या दिवशी दुपारी संप मिटल्याची बातमी निमगावात आली. मुख्याध्यापक खूश, हौसाबाई खूश. मी तोंडदेखलं हसले. मामांनी वाफ्यांना शेवटचं पाणी दिलं, पोरांना दम भरला की रोपं सुकली तर गाठ माझ्याशी आहे, आणि आम्ही निघालो. चहाला थांबलो तेव्हा ते माझ्याकडे तोंड करून बसले. बशीत ओतून फुर्रकन प्यायले.

मग पूल आला. मी कमरेचा पदर सोडून हातात धरून ठेवला. गाडी हळू होण्याची वाट बघत होते. गाडी हळू झाली नाही. खाली घोडचं पाणी मागं सरलं, कठडा संपला, कळंब मागं पडलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पूल गेला."

 मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मग ते म्हणाले, "गेला तर गेला. पदर चाकात जातो."

तशीच मी मंचरमधून आले, तशीच अवसरीत शिरले, उघड्या डोक्यानं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. पारावरची चार डोकी डावीकडून उजवीकडे फिरली. ह्या वेळी मी चपलेकडे बघितलं नाही.

आत्या दारात उभ्या होत्या. वरपासून खालपर्यंत बघितलं त्यांनी. "पदर कुठाय गं?"

मामा गाडी स्टँडला लावत म्हणाले, "चाकात जातो त्यो."

"उद्यापासनं तर एसटी हाय."

"मग तिलाबी चाकं हायेत," मामा म्हणाले आणि गोठ्यात गेले.

 आत्यांनी चहा ठेवला आणि दीड वर्षात पहिल्यांदा तीन कप एकत्र मांडले.

लोक लांबलांबचे प्रवास करून येतात आणि काय काय बघितलं ते सांगतात. मी आठ दिवस एकाच रस्त्यानं गेले आणि आले. पुढं उन्हाळ्यात कायम झाल्याचा आदेश आला, तो मामांनी घडी करून खिशात घातला आणि शेठजींना दाखवून आणला. पण ते नंतर. संप मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी थांब्यावर उभी राहिले. मंचरची गाडी अगदी वेळेवर आली, मोकळी होती, खिडकीची जागा मिळाली. आणि खरं सांगते, मला तिचा राग आला.